शाळेतली प्रयोगशाळा, कारखान्यातली प्रयोगशाळा : सुरक्षेची घडी बसवायची कुठून?

जुना प्रयोगशाळेकर (मांजलपूर, वडोदरा)

मंडळी, नमस्कार. माझी चौतीस वर्षे औषधांच्या कारखान्यांतल्या गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळांत गेली. गेल्या महिन्यात जुन्या शहरातल्या एका शाळेच्या विश्वस्तांनी मला बोलावून घेतले आणि "आमच्या प्रयोगशाळेसाठी सेफ्टीचे काहीतरी करून द्या" असे सांगितले. बोलता बोलता त्यांच्या मनातले कळले. दोन अग्निशामक नळकांडी, भिंतीवर सूचनांचा फलक आणि तपासणीला दाखवता येईल अशी एक फाइल एवढीच त्यांची अपेक्षा होती. माणसे चांगली आहेत आणि पैसेही द्यायला तयार आहेत. पण एवढ्याने प्रयोगशाळा सुरक्षित होत नाही, हे मला त्यांना नीट पटवून द्यायचे आहे, म्हणून आधी इथे मांडतो.

आपल्या शहराचे रसायनाशी नाते जुने आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन हे तंत्रशिक्षणाचे विद्यालय सुरू केले, तिथे प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी रसायनाला उद्योगाची वाट दाखवली, १९०७ मध्ये अलेंबिक हा औषधांचा कारखाना उभा राहिला, आणि पुढे खतांचा कारखाना, कोयलीची रिफायनरी, नांदेसरीची औद्योगिक वसाहत असा विस्तार होत गेला. इथल्या मराठी घरांतल्या दोन-तीन पिढ्यांची चूल या कारखान्यांवर पेटली आहे. ज्या शाळेविषयी मी लिहितो आहे तिथली मुले उद्या याच कारखान्यांत जातील आणि परीक्षानळी कशी धरायची, बाटलीवरचे लेबल वाचायचे की नाही, या सवयी शाळेतूनच घेऊन जातील. म्हणून शाळा आणि कारखाना हे दोन वेगळे विषय आहेत असे मी मानत नाही.

शाळेचे कपाट उघडले तेव्हा सगळ्या बाटल्या इंग्रजी अक्षरक्रमाने, स्वच्छ पुसून ओळीने लावलेल्या दिसल्या. लावणाऱ्याने मन लावून काम केले होते. पण त्या क्रमामुळे लाल फॉस्फरस आणि पोटॅशियम क्लोरेट एकाच फळीवर वीतभर अंतरावर आले होते. या दोघांची कोरडी पूड एकत्र आली तर ती पेटायला काडीही लागत नाही, नुसते घासणे पुरेसे होते. रसायने नावाने न लावता स्वभावाने लावायची असतात. ऑक्सिडीकारक (दुसऱ्याला पेटायला मदत करणारे) वेगळे, ज्वालाग्राही वेगळे, आम्ले वेगळी, अल्कली वेगळ्या, आणि त्यातही नायट्रिक आम्ल अ‍ॅसेटिक आम्लाच्या शेजारी नको, कारण एक ऑक्सिडीकारक आहे आणि दुसरे जळणारे आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. डोळ्यांत आम्ल उडाले तर डोळा निदान पंधरा मिनिटे सतत वाहत्या पाण्याखाली धरायचा, हे सर्वांना पाठ असते. त्या शाळेतल्या मोरीचा नळ गच्चीवरच्या टाकीला जोडलेला आहे. मी भर दुपारी, उन्हाळा चालू असताना, तो नळ सोडून हात धरला आणि दहा सेकंदांत काढून घेतला. डोळे धुण्याचे पाणी १६ ते ३८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे असे मानक सांगते. मेच्या दुपारी वडोदऱ्यातल्या गच्चीवरच्या टाकीतले पाणी त्याहून फार तापलेले असते, आणि भाजणाऱ्या पाण्याखाली कोणतेही मूल पंधरा मिनिटे डोळा उघडा धरू शकत नाही. तिथे सावलीतली छोटी स्वतंत्र टाकी हवी. हे कोणत्याही छापील फलकात सापडत नाही, नळाखाली हात धरूनच कळते.

ज्या प्रसंगामुळे मी या विषयाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो तो आता सांगतो. नव्वदच्या दशकात मी एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होतो. काचसामान धुण्याचे काम एक मावशी करत असत. त्या काळी चिकट डाग काढायला आम्ही पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल यांचे मिश्रण वापरत असू. एका संध्याकाळी कोणीतरी ते मिश्रण चंचुपात्रात तसेच मोरीत ठेवून गेले. त्यावर चिठ्ठी नव्हती, झाकण नव्हते. मावशींनी नेहमीप्रमाणे भांडे उचलून नळाखाली धरले. तीव्र आम्लात पाणी पडल्यावर जे व्हायचे ते झाले. मिश्रण उसळून त्यांच्या हातावर आणि गळ्यावर उडाले. त्या वाचल्या, पण उजव्या हाताची दोन बोटे पुढे कधी पूर्ण मिटली नाहीत.

चौकशी झाली आणि "निष्काळजीपणा" असा शेरा पडला. आठवड्याभराने मी त्यांना भेटायला घरी गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "साहेब, अशी बिनचिठ्ठीची भांडी याआधी चार वेळा आली होती. मी ती काठीने बाजूला सरकवून ठेवत असे. सांगणार कोणाला?" चार वेळा धोका त्या मोरीपर्यंत आला होता, ज्या व्यक्तीने तो ओळखला तिच्याकडे तो सांगायला जागा नव्हती, आणि त्या वेळी त्या प्रयोगशाळेतला वरिष्ठ मी होतो. ही गोष्ट मी आजही विसरू शकत नाही.

त्यानंतर आम्ही मोरीजवळ एक वही दोरीने बांधून ठेवली. तिच्यावर लिहिले होते, "थोडक्यात निभावले." अपघात होता होता राहिला असे जे काही दिसेल ते कोणीही तिच्यात लिहावे, नाव लिहिलेच पाहिजे असे नाही, आणि लिहिल्याबद्दल कोणालाही बोल लावला जाणार नाही, असे ठरवले. पहिले तीन महिने ती कोरी राहिली. मग एका मुलाने लिहिले की काचनळी रबरी बुचात घालताना फुटली आणि तळहाताला लागता लागता राहिली. मी दुसऱ्याच दिवशी ग्लिसरीनची बाटली आणि जाड फडके त्या टेबलावर ठेवले. लिहिल्याने काहीतरी बदलते हे लोकांना दिसले आणि वही भरू लागली.

म्हणून माझे मत असे आहे की सुरक्षेची घडी या वहीपासून आणि "थांबा" म्हणण्याच्या अधिकारापासून बसवायची. नळकांडी, गॉगल, विषारी वाफा ओढून घेणारे फ्यूम हूड हे सगळे लागतेच, पण ते नंतर. शाळेत हे कसे उतरवावे, याबद्दल अनुभवी लोकांनी लिहावे.

विज्ञानशिक्षिका (कारेलीबाग)

काका, तुमचे लिखाण दोनदा वाचले. मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. तुमच्या म्हणण्याशी मी सहमत आहे, पण शाळेत वही कोरी राहण्याचे कारण कारखान्यापेक्षा वेगळे असते, ते मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते.

तीन वर्षांपूर्वी, तेव्हा मी दुसऱ्या एका शाळेत होते, सॉल्ट अ‍ॅनालिसिसच्या तासाला एका मुलीने स्पिरिटचा दिवा विझला असे समजून त्यात वरून स्पिरिट ओतले. खिडकीतून ऊन येत होते आणि उजेडात स्पिरिटची ज्योत दिसत नाही. बाटलीच्या तोंडाशी भपका उडाला आणि तिच्या ओढणीचे टोक पेटले. शेजारच्या मुलाने ओढणी ओढून पायाखाली विझवली. मुलीला काही झाले नाही. त्या दिवशी मी मुख्याध्यापकांना काहीही सांगितले नाही. मुलांनाही "घरी सांगत बसू नका" असे म्हणाले. मी हे चुकीचे केले हे मला तेव्हाही कळत होते. पण कळवले असते तर दुसऱ्या दिवसापासून प्रात्यक्षिके बंद होऊन फळ्यावर निष्कर्ष उतरवून घेण्याचा मार्ग सुरू झाला असता, याची मला खात्री होती. शेजारच्या एका शाळेत तसे झालेले मी पाहिले होते. मुलांनी आयुष्यात एकदाही तांब्याच्या क्षाराची हिरवी ज्योत स्वतःच्या हाताने पाहू नये, हे मला सहन होत नाही.

म्हणजे शाळेत वही लिहिणाऱ्याला शिक्षेची भीती नसली तरी प्रयोगच बंद होण्याची भीती असते. ही भीती काढल्याशिवाय वही कोरीच राहील. यावर उपाय काय?

शिवाय चाळीस मुलांची तुकडी, पस्तीस मिनिटांचा तास आणि सोबतीला एकच प्रयोगशाळा सहायक, तोही बऱ्याचदा कार्यालयाच्या कामाला पाठवलेला. अशा वेळी एका शिक्षिकेने चाळीस जोड्या डोळे कसे सांभाळावेत?

जुना प्रयोगशाळेकर

ताई, तुम्ही हे मोकळेपणाने लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. तुमचा प्रश्न माझ्या लक्षात आलाच नव्हता. मला वाटते विश्वस्तांकडून पहिल्याच बैठकीत एक लेखी ठराव घ्यावा. वहीत नोंद झाली म्हणून कोणताही प्रयोग सरसकट बंद करायचा नाही. फक्त त्या प्रयोगाची पद्धत बदलेपर्यंत तो थांबवायचा, आणि बदल पंधरा दिवसांत ठरवायचा. तुमच्या प्रसंगात बदल अगदी साधा आहे. दिवे मुलांनी भरायचे नाहीत. तास सुरू होण्याआधी, सगळे दिवे थंड असताना सहायकाने भरायचे आणि स्पिरिटची मोठी बाटली खोलीच्या बाहेर ठेवूनच तास सुरू करायचा. एखादा दिवा मध्येच विझला तर तो भरायचा नाही, बाजूला ठेवून दुसरा घ्यायचा.

तुकडीच्या आकाराबद्दल मात्र मी ठाम आहे. चाळीस मुले एका वेळी नकोत. वीस मुलांनी प्रयोग करावा, वीस मुलांनी शेजारच्या वर्गात पुढच्या प्रयोगाचे लेखन करावे. वेळ दुप्पट लागतो हे मान्य आहे. तो वेळापत्रकात काढून देणे ही मुख्याध्यापकांची जबाबदारी आहे, शिक्षिकेची नव्हे.

नांदेसरीचा सुरक्षा अधिकारी

काकांनी "थांबा म्हणण्याचा अधिकार" असे लिहिले आहे, त्याला कायद्याचाही इतिहास आहे म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळ घडले, आणि १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांविषयी एक संपूर्ण नवे प्रकरण जोडले गेले. कलम ४१-बी ने कारखान्यातल्या धोक्यांची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांना देणे मालकावर बंधनकारक केले. कलम ४१-जी ने सुरक्षा समिती आणली, आणि तिच्यात व्यवस्थापनाचे जितके तितकेच कामगारांचे प्रतिनिधी असले पाहिजेत असे सांगितले. कलम ४१-एच ने, धोका अगदी जवळ आला आहे असे ज्याला सकारण वाटते त्या कामगाराला ते थेट व्यवस्थापनाच्या आणि त्याच वेळी निरीक्षकाच्या नजरेस आणण्याचा हक्क दिला. काकांच्या मावशींकडे प्रत्यक्षात जे नव्हते तेच हे कलम कागदावर देत होते; २०२५ मध्ये त्या अधिनियमाची जागा नव्या संहितेने घेतली.

पण शाळा म्हणजे कारखाना नव्हे. शाळेतल्या मुलाला आणि सहायकाला यातले काहीही लागू होत नाही. त्यामुळे शाळेने हे स्वतःहून स्वीकारायला हवे. समिती छोटी असावी. एक शिक्षक, एक विश्वस्त, प्रयोगशाळा सहायक, सफाई करणारी व्यक्ती, एक पालक आणि वरच्या वर्गातले दोन विद्यार्थी पुरेसे आहेत. सफाई करणाऱ्या व्यक्तीला समितीत घेण्याचा आग्रह मी धरीन, कारण फुटलेली काच कचऱ्याच्या डब्यात टाकली तर हात तिचाच कापतो.

तपासणीबद्दल एक गोष्ट तळमळीने सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस आवारात २९ डिसेंबर २००८ रोजी शेरी सांगजी ही तेवीस वर्षांची संशोधन सहायक हवेत आपोआप पेटणारे टर्ट-ब्यूटिल लिथियम सिरिंजमध्ये ओढून घेत होती. दट्ट्या बाहेर आला, द्रव तिच्यावर सांडून पेटला. तिच्या अंगात कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता आणि वर अ‍ॅप्रन नव्हता. अठरा दिवसांनी, १६ जानेवारी २००९ रोजी, ती गेली. त्या प्रयोगशाळेची तपासणी सुमारे दोन महिन्यांपूर्वीच झाली होती, आणि तिथे लोक अ‍ॅप्रन घालत नाहीत अशी नोंदही झाली होती. नोंद झाली, सुधारणा झाली नाही. या प्रकरणात पुढे त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख प्राध्यापकांवर फौजदारी आरोप ठेवले गेले. तपासणीच्या कागदावर त्रुटी, ती दूर करण्याची जबाबदारी कोणाची आणि कोणत्या तारखेपर्यंत, असे तीन रकाने असतात. आपल्याकडे बहुतेक कागदांवर पहिलाच रकाना भरलेला मला दिसतो.

अ‍ॅप्रनवरून आठवले. शाळांनी मुलांना टेरिकॉटचे अ‍ॅप्रन घ्यायला लावू नये. सुती कापड जळते, पण टेरिकॉट वितळून कातडीला चिकटते. मुलींच्या ओढण्यांबद्दलही नियम असावा. ओढणी प्रयोगशाळेच्या दाराबाहेर खुंटीला टांगायची आणि केस बांधायचे. हे त्यांना लाज वाटणार नाही अशा पद्धतीने, पहिल्याच दिवशी, सर्वांना एकत्र सांगायचे.

संशोधक विद्यार्थिनी (फतेगंज)

मी पीएच.डी. करते आहे, म्हणून महाविद्यालयापुढची बाजू लिहिते. आमच्याकडे उपकरणे चांगली असतात, नियमांची पुस्तिका असते, तरीही सर्वांत जास्त धोका रात्री आठनंतर असतो. प्रबंधाची घाई असते, मार्गदर्शक घरी गेलेले असतात आणि एकटी विद्यार्थिनी ईथर उकळत बसलेली असते. कोणत्याही सुरक्षा कार्यक्रमात "एकट्याने काय करायचे नाही" याची यादी दाराच्या आतल्या बाजूला लावलेली असावी.

ईथरच्या बाटलीवर ती उघडल्याची तारीख लिहिणे ही आणखी एक सवय. उघडल्यानंतर हवेशी संबंध येऊन त्यात स्फोटक पेरॉक्साइड तयार होते, आणि तसे ईथर कोरडे होईपर्यंत उकळले तर स्फोट होतो. तारीख लिहायला पेन पुरते, पण आमच्या कपाटात मला विनातारखेच्या बाटल्या मिळाल्या होत्या.

टाकाऊ द्रावणांच्या बाटलीचा प्रसंग मी स्वतः पाहिला आहे. कोणीतरी नायट्रिक आम्लाच्या टाकाऊ बाटलीत भांडे विसळलेले अ‍ॅसिटोन ओतले आणि झाकण घट्ट लावून जेवायला गेले. वीस मिनिटांनी बाटली फुटली, काचा समोरच्या भिंतीपर्यंत गेल्या. त्या टेबलापाशी तेव्हा कोणी नव्हते एवढेच नशीब. आमच्याकडे तेव्हा वही असती तर मी ते त्याच दिवशी लिहिले असते. टाकाऊ द्रावणांना एकच बाटली कधीही नको, आणि आत काय काय गेले त्याची यादी बाटलीवरच लटकवलेली हवी.

हातमोज्यांबद्दल एक भाबडा समज आढळतो, की हातात काहीतरी घातले म्हणजे झाले. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या कॅरेन वेटरहान या विषारी धातूंच्याच अभ्यासक होत्या. ऑगस्ट १९९६ मध्ये त्यांच्या लॅटेक्सच्या हातमोज्यावर डायमिथिल मर्क्युरी या पाऱ्याच्या अतिविषारी संयुगाचे काही थेंब पडले. ते मोज्यातून काही सेकंदांत आरपार गेले. त्रास जाणवायला काही महिने लागले आणि जून १९९७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्यांनी त्या वेळी रूढ असलेली काळजी घेतली होती. कोणत्या रसायनाला कोणता मोजा, हे त्या रसायनाच्या सुरक्षा माहितीपत्रकात पाहूनच ठरवावे. त्या पत्रकाचे सोळा विभाग असतात. शाळेतल्या मुलांना सगळे वाचायची गरज नाही, पण धोके, प्रथमोपचार आणि हाताळणी हे तीन त्यांना वाचता यावेत.

शिक्षिकाताई, हिरव्या ज्योतीबद्दल तुम्ही लिहिलेत म्हणून सांगते. क्षार ताटलीत ठेवून त्यावर मिथेनॉल ओतून रंगीत ज्वाला दाखवण्याचा प्रयोग कृपा करून करू नका. न्यूयॉर्कमधल्या एका शाळेत जानेवारी २०१४ मध्ये तोच चालू असताना मिथेनॉलच्या मोठ्या बाटलीतून ज्वालेचा झोत निघाला आणि एक सोळा वर्षांचा मुलगा गंभीर भाजला. निक्रोमच्या तारेचे क्षारात बुडवलेले टोक किंवा क्षाराच्या द्रावणात रात्रभर भिजवलेली लाकडी काडी बर्नरमध्ये धरली तर तीच हिरवी ज्योत दिसते, आणि मुलांना ती स्वतःच्या हाताने धरता येते.

दोन मुलांचा बाप (विश्वामित्रीकाठ)

मी रसायनातला नाही, पण या शहरात राहतो म्हणून एक मुद्दा मांडतो. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली होती, आणि आमच्या भागात तळमजल्यावर कमरेएवढे पाणी होते. मुलाच्या शाळेची प्रयोगशाळा तळमजल्यावर आहे. जड आणि धोकादायक बाटल्या खालच्या फळीवर ठेवाव्यात असे मी सगळीकडे वाचतो. मग पाण्याशी पेट घेणारे सोडियम पुरात खाली असेल तर काय होईल?

जुना प्रयोगशाळेकर

तुम्ही रसायनातले नसताना हा मुद्दा तुमच्या लक्षात आला आणि आमच्यापैकी कोणाच्याही आला नाही, याचे मला वाईट वाटते आणि बरेही वाटते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आम्लाच्या जड बाटल्या खालीच हव्यात, कारण डोळ्यांच्या उंचीवरून आम्ल पडणे हे सर्वांत वाईट. त्या प्लास्टिकच्या खोल तबकात ठेवाव्यात. पण सोडियम आणि कॅल्शियम कार्बाइड यांना वेगळा न्याय लावायला हवा. त्यांच्या छोट्या डब्या, सोडियम केरोसिनमध्ये बुडलेले आहे याची खात्री करून, पुराच्या खुणेच्या वर, कुलपाच्या स्वतंत्र कपाटात ठेवाव्यात. खरे तर तळमजल्यावरच्या शाळेने पावसाळ्याआधी त्या वरच्या मजल्यावर हलवाव्यात, आणि जून महिन्याच्या कामांच्या यादीत ही नोंद कायमची घालावी. त्याहून चांगले म्हणजे वर्षाला लागते तेवढेच आणावे. पाव किलो सोडियम घेऊन ठेवण्याची कोणत्याही शाळेला गरज नाही.

उन्हाळ्याचाही असाच एक नियम आहे. तीव्र अमोनियाची बाटली मेमध्ये थेट उघडायची नाही, आत दाब साठलेला असतो. आधी बर्फाच्या पाण्यात थंड करायची, मग गॉगल घालून, तोंड दूर ठेवून, मोकळ्या हवेत उघडायची.

पॅथॉलॉजी तंत्रज्ञ (रावपुरा)

आमच्यासारख्या लहान रक्ततपासणी प्रयोगशाळांचा विचार अशा चर्चेत क्वचितच होतो, म्हणून थोडक्यात लिहितो. आमच्याकडे बहुतेक इजा सुईला टोपण परत लावताना होतात. नियम साधा आहे, टोपण परत लावायचे नाही, सुई थेट न भोसकणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकायची. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत डब्यांचे रंग ठरवून दिलेले आहेत. पण गर्दीच्या सकाळी तो डबा तीन पावले दूर असेल तर हात आपोआप टोपणाकडे जातो. आम्ही डबा रक्त घेण्याच्या खुर्चीला लागून ठेवला. सुई लागली तर लगेच सांगायचे, कारण रोगप्रतिबंधक औषध तासांच्या हिशेबाने सुरू करावे लागते. आमच्याकडे एका मुलाने भीतीपोटी दोन दिवस लपवले होते. काकांच्या वहीची खरी किंमत मला तिथे कळली.

जुना प्रयोगशाळेकर

सर्वांचे मुद्दे घेऊन मी विश्वस्तांकडे गेलो. समिती स्थापन झाली, तिच्यात सफाई करणाऱ्या बाई आहेत. ठराव लेखी झाला. रसायनांची यादी मी आणि सहायकाने मिळून तीन दिवसांत केली. त्यातले कितीतरी नग गेल्या दहा वर्षांत कोणीही वापरलेले नाहीत. बाटलीभर पारा, कार्बन टेट्राक्लोराइड, अ‍ॅस्बेस्टॉसच्या जुन्या जाळ्या.

हे सगळे मोरीत ओतून किंवा भंगारवाल्याला देऊन संपवू, अशी सूचना एका विश्वस्तांनी सहजपणे केली. मी त्यांना मायापुरीची गोष्ट सांगितली. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९८५ पासून बंद पडून असलेले एक गॅमा विकिरण उपकरण २०१० मध्ये लिलावात भंगारात विकले गेले. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडले तेव्हा आतला किरणोत्सारी कोबाल्ट-६० उघडा पडला. अनेकांना विकिरणाची बाधा झाली आणि एका कामगाराचा मृत्यू झाला. लिलाव करणाऱ्यांच्या मनात वाईट काहीच नव्हते. आत काय आहे याची आठवण त्या विभागात कोणाला उरली नव्हती, एवढेच. म्हणून मी यादीला सर्वांत जास्त महत्त्व देतो. सध्या हे नग कुलूपबंद, नावे आणि तारखा लिहून ठेवले आहेत, आणि अधिकृत घातक कचरा केंद्राकडे ते रीतसर पाठवण्यासाठी सुरक्षा अधिकाऱ्यांनी मदत करायचे कबूल केले आहे. त्यांचे आभार.

वही लागून पंधरा दिवस झाले. सात नोंदी आल्या आहेत. पाच मुलांच्या आहेत. एक सफाईच्या बाईंनी सांगून दुसऱ्याकडून लिहून घेतली आहे, की कचऱ्याच्या डब्यात काच सापडली. आता काचेसाठी वेगळा पत्र्याचा डबा ठेवला आहे. सातवी नोंद सहायकाने गुजरातीत लिहिली आहे. प्रयोगशाळेच्या मागच्या दाराला बाहेरून कुलूप असते, त्यासमोर मुलांच्या सायकली लावतात, आणि किल्ली कार्यालयात असते. मी त्या खोलीत तीन दिवस घालवले होते, तरी ते दार मला दिसले नव्हते. कुलूप त्याच संध्याकाळी निघाले. सायकलींची जागा बदलायला मुख्याध्यापकांनी सोमवारपर्यंत मुदत घेतली आहे.

विज्ञानशिक्षिका (कारेलीबाग)

काका, मी आमच्या शाळेतही वही लावली. पहिले पान कोरे असले की कोणी लिहीत नाही हे तुमच्याकडून कळले होते, म्हणून पहिली नोंद मीच केली. तीन वर्षांपूर्वीचा स्पिरिटच्या दिव्याचा प्रसंग, ओढणी पेटल्यासकट, आणि मी तो लपवला हेही लिहिले. मग वही घेऊन स्वतः मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी ती नोंद शांतपणे वाचली. प्रयोग बंद करण्याचा विषय त्यांनी काढला नाही. खाली सही केली आणि विचारले, "आपल्याकडे आता दिवे कोण भरते?" मला उत्तर देता आले नाही. उद्या सकाळी सहायकाबरोबर बसून ते नाव ठरवते आहे.